भिंतीवरचा डोंगर

शाळेच्या दर्शनी भिंतीला पांढरा हात देऊन झाला होता आणि रंगारी खोळंबला होता. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुख्याध्यापकपदावरून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. पण सांगोल्याकडच्या त्यांच्या जुन्या शाळेत खिळा ठोकायचा झाला तरी अजून त्यांना विचारतात. या वेळी त्यांच्या मनानं घेतलं, की 'प्रयत्नांती परमेश्वर' किती वर्षं गिरवायचं? बेबीआत्या चार दिवसांसाठी आलीच आहे, तिला चिनी येतं, तर या खेपेला चिनी म्हणी होऊन जाऊ देत. जिद्दीवरच्या. सात ओळी मावतील. रंगारी अक्षरावर पैसे घेतो, तेव्हा म्हणी आखूड हव्यात.

"आखूडच असतात," आत्या म्हणाली. "छंग-यू म्हणतात त्यांना. बहुतेक चार अक्षरांत आटोपतात. तुझ्या रंगाऱ्याचं नुकसानच आहे."

बेबीआत्या आप्पांची धाकटी बहीण. साठी उलटली तरी घरात बेबीच. ती दिल्लीला जेएनयूत चिनी शिकली आणि मग पंचवीसेक वर्षं कारखानदारांबरोबर दुभाषी म्हणून चीनला जात-येत राहिली. दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य अर्धं सोडायचं नाही, ही त्या धंद्याची सवय. आप्पांना मात्र त्या दिवशी अर्धंच हवं होतं.

ओसरीवर बैठक बसली. आप्पांच्या वहीत एक ते सात आकडे आधीच घालून ठेवलेले.

"पाण्याच्या थेंबानं दगडाला भोक पडतं, अशी काहीतरी आहे ना त्यांची?"

"आहे. श्वेइ ती श छ्वान. थेंब पडता दगड भेदे."

आप्पांनी एक नंबरपुढे ते सुवाच्य लिहिलं. "वा! थेंबे थेंबे तळे साचेची सख्खी बहीण."

"बहीण कसली? तो एका मृत्युदंडाचा निकाल आहे." आत्यानं चहाचा कप खाली ठेवला. "सोंग राजवटीतली गोष्ट. छोंगयांग नावाच्या गावी झांग योंग म्हणून अंमलदार होता. खजिन्यातून बाहेर पडणाऱ्या कारकुनाच्या कानशिलापाशी, डोक्याच्या फडक्यात, त्याला एक नाणं दिसलं. एकच. झांगनं फटके द्यायला सांगितलं. कारकून उसळला. म्हणाला, एका नाण्यापायी मला मारता? मारा, पण जीव तर घेता येणार नाही ना! झांगनं ब्रश उचलून निकाल लिहिला, की दिवसाला एक तर हजार दिवसांत हजार नाणी होतात. दोरानंही लाकूड कापलं जातं आणि थेंबानंही दगडाला भोक पडतं. मग स्वतःच तलवार घेऊन पायऱ्या उतरला आणि त्याचं मुंडकं उडवलं."

आप्पा पेन हातात धरून बसले. "थेंबानं दगड झिजतो हे तरी खरं ना?"

"ते झांगच्याही आधीपासून खरं आहे. हानकाळातल्या एका पत्रातसुद्धा आहे. पण ही चार अक्षरं या निकालानं गाजली. तांदळाच्या कोठीच्या दारावर लिही, तिथं शोभेल."

आप्पांनी ओळ खोडली नाही. तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते गणिताचे मास्तर. उत्तर चुकलं तरी रीतीचे गुण देतात.

दुसरी म्हण त्यांना वर्तमानपत्रात वाचलेली आठवत होती. दिव्याला तेल नाही म्हणून एका गरीब मुलानं भिंतीला भोक पाडलं आणि पलीकडच्या उजेडात अभ्यास केला. आमच्या भागात ही गोष्ट म्हणजे घरोघरचीच. आप्पा स्वतः ग्रामपंचायतीच्या दिव्याखाली शिकलेले.

"क्वांग हंग," आत्या म्हणाली. "पुढं हान दरबारात प्रधान झाला. पण आप्पा, भिंत शेजाऱ्याची होती."

"मग?"

"शेजाऱ्याला विचारलं होतं का?"

"बेबी, मुलगा अभ्यास करतोय!"

"करू दे की. मी एवढंच म्हणते, की याच क्वांग हंगचं पद म्हातारपणी गेलं ते जमिनीच्या भानगडीत. जहागिरीच्या हद्दीत चारशे छिंग जमीन जादा घुसली होती आणि ती त्यानं खुशाल खाल्ली. भिंत कुणाची हे न विचारण्याची सवय एकदा लागली, की ती हद्दीच्या दगडापर्यंत जाते."

हा आत्याचा अन्याय होता, असं मला अजूनही वाटतं. लहान पोरानं पाडलेल्या भोकाचा आणि प्रधानाच्या जमिनीचा संबंध तिनं जोडला, इतिहासानं नाही. पण आप्पा चिडले ते वेगळ्याच कारणानं. "तू प्रत्येक गोष्टीचं शेपूट ओढून आणतेस. म्हण शेपटासाठी नसते."

"तेच तर माझं म्हणणं आहे. चार अक्षरांत बसावं म्हणून जे कापून टाकलं, नेमकं त्यातच कुणाला तरी विचारायचं राहिलेलं असतं."

मग तिनं गोऊजियान राजाचं उदाहरण दिलं. इसवीसनपूर्व ४९४ मध्ये यूएचा हा राजा वूच्या राजाकडून हरला. अपमान विसरू नये म्हणून जवळ पित्ताशय टांगून ठेवायचा आणि जेवताना त्याचा कडू रस चाखायचा. 'काटक्यांवर निजणं, पित्त चाखणं' ही म्हण त्याच्यावरची. त्यातल्या काटक्या मागाहून आल्या, जुन्या इतिहासात नुसतं पित्तच आहे. ४७३ मध्ये त्यानं वूचं राज्य बुडवलं. आप्पांना हे फार आवडलं. आत्यानं शेपूट जोडलं, की जिंकल्यावर गोऊजियाननं आपल्याच प्रधानाला, वेन झोंगला, तलवार धाडून मरायला लावलं. दुसरा साथी फान ली शहाणा, तो आधीच पळाला होता. "वीस वर्षं कडू चाखलं, पण पुढं गोड कसं खायचं ते राजाला येईना," आत्या म्हणाली.

आप्पांनी वहीचं पान उलटलं. "बरं, मग तुझ्या मते लिहावं तरी काय?"

"त्यांच्याकडे एक दुसरा खण आहे. जिद्दीचा नाही, राजीखुशीचा. पिरगाळून तोडलेलं खरबूज गोड लागत नाही."

"सोयरिकीची म्हण आहे ही."

"सोयरिकीलाही वापरतात. बैलाला पाणी नको असताना त्याची मान दाबली, तर तो पितो का? तीही आहे. शिवाय ज्यांग थायगोंग. वेइ नदीकाठी म्हातारा गळ टाकून बसायचा, तो गळ सरळ. वाकडा नाहीच. ज्याला यायचं असेल तो मासा येईल, म्हणायचा."

"सरळ गळाला मासा कशाला लागेल?"

"मासा नाहीच लागला. वेन राजा आला. त्याला सल्लागार करून घेऊन गेला."

आप्पा हसले, पण लिहून घेतलं नाही. मग आत्यानं सेनापती झोऊ यूची म्हण सांगितली. त्यानं शत्रूला फसवण्यासाठी आपल्याच म्हाताऱ्या सरदाराला, ह्वांग गायला, भर छावणीत फोडून काढलं.

"कुणाला?"

"ह्वांग गाय. नाव आहे त्याचं."

"पुढं."

"एक मारायला राजी, एक मार खायला राजी. सौदा दोघांच्या मर्जीचा असला की बाजारात अजून हेच म्हणतात. २०८ सालची, तांबड्या कड्याची लढाई. इतिहासात ह्वांग गायनं खोट्या शरणागतीचं पत्र पाठवल्याचं आहे. मार मागाहूनच्या एका कादंबरीनं घातला. पण बघ, कादंबरीकारालासुद्धा मार दाखवायच्या आधी दोघांची संमती दाखवावीशी वाटली."

इथं आप्पांनी चष्मा काढला. शाळेत ते चष्मा काढायचे तेव्हा वर्ग गप्प व्हायचा.

"बेबी, तुझा हा राजीखुशीचा खण मला नीट कळला. छान आहे. ज्याचं पोट भरलंय त्याच्या कामाचा आहे. माझ्या शाळेत दीडशे पोरं. निम्म्यांचे आईबाप दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्या पोरांना शेत नाही, ओळख नाही, वशिला नाही. त्यांच्याकडे फक्त हट्ट आहे. तू त्यांना सांगणार, बाळांनो, मनापासून वाटलं तरच करा? मनापासून कुणाला वाटतं गं पहाटे चारला उठावंसं? मारून मुटकून वैद्यबुवा म्हणून आपण हसतो. पण मी सांगतो, तालुक्यातले चार चांगले डॉक्टर मारून मुटकूनच झालेत."

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लोखंडाच्या मुसळाची माहीत आहे?"

"ती तर मला तुझ्या आधीपासून माहीत आहे."

ली बाय हा मोठा कवी लहानपणी शाळा चुकवून भटकत होता. ओढ्याकाठी एक म्हातारी लोखंडी मुसळ दगडावर घासत बसलेली. काय करतेस? सुई करते. सिच्वानमधल्या मेइशानला अजून सुई घासण्याचा ओढा दाखवतात. गोष्ट त्या ओढ्याच्या नावामागची आहे, कवीच्या चरित्रातली धरू नये, एवढीच पुस्ती आत्यानं जोडली.

"आता इथं शेपूट काढून दाखव," आप्पा म्हणाले. "म्हातारीवर कुणी जबरदस्ती केली नव्हती. मुसळ तिचं, दगड ओढ्याचा, वेळ तिचा. जिद्द आहे आणि राजीखुशीही आहे."

"ही तुझी," आत्यानं मान्य केलं. दिवसभरातला आप्पांचा हा पहिला निर्विवाद गुण.

मग अर्थातच डोंगर आला.

चीनबाहेर जिद्दीची एकच चिनी गोष्ट माहीत असेल तर ती यूगोंगची, वेड्या म्हाताऱ्याची असते. आप्पांनी ती सात नंबरला, सर्वांत खाली, मोठ्या अक्षरांसाठी राखून ठेवली होती. आत्यानं ती 'लिएझी' या जुन्या ताओवादी ग्रंथातल्यासारखी सांगितली, एकही दगड न गाळता. थायहांग आणि वांगवू हे दोन डोंगर, सातशे ली घेराचे. त्यांच्यासमोर नव्वदीला आलेला म्हातारा राहतो. कुठं जायचं म्हटलं की वळसा. एक दिवस तो घरच्यांना जमवतो आणि म्हणतो, हे डोंगर काढून टाकू. सगळे हो म्हणतात. बायको मात्र विचारते, तुमच्या अंगात टेकाड हलवायची ताकद नाही, डोंगर काय हलवणार? आणि माती कुठं टाकणार? माती बोहाय समुद्राच्या काठाला टाकायची ठरते. वाहणारे तिघं. हिवाळ्यात निघालेली टोपली टाकून परत यायला उन्हाळा लागतो. नदीच्या वळणावरचा एक शहाणा म्हातारा हसतो. त्याला यूगोंग म्हणतो, मी मेलो तरी माझी मुलं आहेत, मुलांना मुलं होतील, त्यांना मुलं होतील. डोंगर काही वाढणार नाही.

"हे!" आप्पांनी मांडीवर थाप मारली. "हे भूमितीश्रेढीचं आहे. एक बाजू स्थिर, दुसरी वाढती. शहाण्याला गणित येत नव्हतं."

"गणित बरोबर आहे. पण घरच्यांना विचारलं तेव्हा जे जन्मलेच नव्हते, त्यांना कुणी विचारलं? त्यांच्या नावावर टोपली आधीच चढली."

"विचारून कुणी जन्माला येतं का?"

"शेवट ऐक. हातात साप धरणारा डोंगराचा देव घाबरतो, हा म्हातारा थांबायचा नाही म्हणून. स्वर्गाच्या राजाकडे जातो. राजाला म्हाताऱ्याच्या निष्ठेचं कौतुक वाटतं. तो दोन बलदंड पोरं धाडतो आणि ती डोंगर पाठीवर घेऊन जातात. एक नेऊन ठेवतात श्वोच्या पूर्वेला, दुसरा योंगच्या दक्षिणेला." आत्या थांबली. "आप्पा, तिथं कुणी राहत नसेल?"

मला हसू आवरेना. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहाचे कप उचलून आत नेले.

परत आलो तेव्हा माओ आला होता. ११ जून १९४५ रोजी येनानमध्ये पक्षाच्या सातव्या अधिवेशनाचा समारोप करताना त्यानं हीच गोष्ट सांगितली. दोन डोंगर म्हणजे साम्राज्यवाद आणि सरंजामशाही, आणि स्वर्गाचा राजा म्हणजे चिनी जनता. पुढं सांस्कृतिक क्रांतीत हे भाषण सक्तीनं वाचायच्या तीन लेखांपैकी एक झालं. लोकांना ते पाठ असायचं. "जिद्दीची गोष्ट सक्तीनं पाठ!" आत्या म्हणाली. त्या तीन लेखांतला दुसरा चीनमध्ये काम केलेल्या डॉक्टर बेथूनवरचा, हे ऐकून आप्पा सावरून बसले. बेथूनच्या नावाचं इस्पितळ पुढं ज्यानं चालवलं तो आमच्या जिल्ह्याचा, द्वारकानाथ कोटणीस.

"कोटणीसांना कुणी सक्ती केली होती?" आप्पांनी विचारलं. "१९३८ साली इथून पाच डॉक्टर चीनला गेले, त्यातला हा. ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेला, बत्तीसाव्या वर्षी. ही जिद्द नाही?"

"तो आपण होऊन गेला, आप्पा. तू माझ्या खणातला माणूस उचलतो आहेस."

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, हल्ली तिकडची पोरं म्हणे आडवी पडतात. पुण्यात आमच्या कंपनीतही '९९६' हा शब्द येऊन पोचला होता: सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस. आत्या म्हणाली, खरं आहे, २०२१ मध्ये 'थांग फिंग', आडवं पडणं, हा शब्द तिकडे वाऱ्यासारखा पसरला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं ९९६ बेकायदा असल्याचं सांगितलं. "म्हणजे यूगोंगच्या नातवानं टोपली खाली ठेवली," ती म्हणाली. आप्पांना यात रस नव्हता. त्यांच्या मते आडवं पडायलासुद्धा बापाचं घर लागतं.

आणि मग आत्यानंच, कुणी न विचारता, आप्पांच्या पारड्यात मोठं वजन टाकलं. गोष्टीतला थायहांग खरा डोंगर आहे. हनान प्रांतात त्याच्या कुशीत लिनश्यान नावाचा कायम दुष्काळी भाग. १९६० साली तिथल्या लोकांनी डोंगर फोडून पाणी आणायला घेतलं. हातात छिन्नी-हातोडा, कमरेला दोर बांधून कड्यावरून लोंबकळत. लाल ध्वज कालवा. मुख्य कालवा सत्तर किलोमीटर, त्यात ६१६ मीटरचा एक बोगदा. काम १९६९ पर्यंत चाललं. एक्याऐंशी माणसं मेली. पाणी आलं.

"राजीनं केलं की सक्तीनं?" आप्पांनी हळू विचारलं.

"तहानेनं," आत्या म्हणाली.

सांगोल्याच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आत्यानं वही स्वतःकडे ओढली आणि तीन चिनी अक्षरं काढली. पहिलं जिद्दीचं, संकल्पाचं. खाली हृदय, वर पूर्वी 'जाणं' या अर्थाचं चिन्ह असायचं. मन जिकडे निघतं ते. दुसरं राजी असण्याचं. त्याच्याही खाली हृदयच. तिसरं सोसण्याचं: वर सुरीचं पातं, खाली हृदय.

आप्पांनी ती अक्षरं बराच वेळ पाहिली. "आई यातल्या कुठल्या अक्षरात बसते?"

१९७२. आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. आत्या आठ वर्षांची, आप्पा सोळाचे. हे मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं. आज्जीच्या डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं होतं, ते मी पाहिलेलं आहे. हातोडी चुकली की तिथं बसायची.

"तिला कुणी विचारलं नव्हतं," आत्या म्हणाली. "पोटात नव्हतं म्हणून गेली. आपण तिला जिद्द म्हणतो, कारण आपल्याला ते ऐकायला बरं वाटतं."

"आणि संध्याकाळी आल्यावर तुझी पाटी तपासायची, ती कशासाठी? ते काम सरकारनं दिलं नव्हतं. त्याची हजेरी नव्हती." आप्पांचा आवाज जरा चढला होता. "आपल्यालाही नव्हतं विचारलं कुणी. वाहिलीच ना टोपली? तू तर पार बोहायपर्यंत नेलीस."

आत्यानं पदरानं चष्मा पुसला. काही वेळ दोघं समोरच्या लिंबाकडे बघत बसली.

रंगारी आला तो या वेळी. हातात ब्रश, खांद्यावर रंगानं कडक झालेला टॉवेल. पांढरा वाळला, म्हणाला, मजकूर द्या. आप्पांच्या वहीत सात आकडे, त्यांपुढे खाडाखोड आणि प्रश्नचिन्हं. आत्यानं पिशवीतून चित्रांचं एक पुस्तक काढलं. शू बेहोंग या चित्रकारानं काढलेला यूगोंग. १९४० मध्ये शू बेहोंग टागोरांच्या निमंत्रणावरून भारतात होता आणि हे चित्र त्यानं इथंच काढलं. खणणाऱ्या माणसांसाठी त्याच्यासमोर भारतीय माणसं उभी होती. रंगाऱ्यानं चित्र जवळ धरून पाहिलं.

"हे तर तालमीतले पैलवान दिसतात," तो म्हणाला. "चिनी कुठं हायत?"

"मजकूर नको," आप्पा अचानक म्हणाले. "चित्र काढ."

"सगळे पैलवान? लई दिवस लागतील, सर."

"सगळे नकोत. बेबी, त्या गोष्टीत एक पोरगं आहे ना? तू मघाशी गाळलंस."

आत्या चमकली. दिवसभर शेपटं जोडणाऱ्या बाईनं हे एक गाळलं होतं खरं. म्हाताऱ्याच्या शेजारी जिंगछंग घराण्यातली एक विधवा राहायची. तिला एक मुलगा, दुधाचे दात नुकते पडू लागलेला. घरच्या बैठकीला तो नव्हता. डोंगर त्याच्या आज्ज्याचा नव्हता. तो उड्या मारत गेला आणि माती भरू लागला.

"तुला कसं माहीत?" आत्यानं विचारलं.

"तूच सांगितलंस. दिल्लीहून पहिल्या सुट्टीला आलीस तेव्हा, आईला. त्या पोराशी आल्यावर ती हसली होती."

रंगाऱ्यानं खिशातून खडू काढला. पोरगं केवढं, टोपली केवढी, हाफ पँट की लेंगा, सगळं विचारून घेतलं. आत्यानं लेंगा सांगितला, आप्पांनी हाफ पँट. हाफ पँट ठरली. मग त्यानं शेवटचं विचारलं, "दात किती पाडायचे?"

"समोरचे दोन," आप्पा म्हणाले.